हॅरोक्लफचा स्कॉच मास्तर

निनियन बेअर्ड आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या काखेत एक गाठोडं होतं आणि नाड्या एकमेकींत बांधलेले बूट गळ्यात लोंबत होते. माझ्या नवऱ्यानं, एनोकनं, दार उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मीच आतून ओरडले, "अरे, त्यांना आत तरी घे! सूप निवतंय."

तोपर्यंत आमच्या हॅरोक्लफ गावच्या फुटबॉल संघाचा कप्तान एनोक होता. आठवडाभर कापडगिरणीत कापसाच्या गाठी उचलायच्या आणि शनिवारी दुपारी भोंगा झाला की मैदानावर पळायचं, असं त्याचं चाललेलं. मग खेळाडूंना उघडपणे पगार देण्याची परवानगी मिळाली. आमच्या गिरणीचे मॅनेजर टॅटरसॉल साहेब क्लबचेही अध्यक्ष. त्यांनी स्कॉटलंडातून माणूस आणला. त्यानं स्वतः खेळायचं आणि बाकीच्यांना शिकवायचंही. आमची वरची खोली रिकामी होती, म्हणून त्याला आमच्याकडेच धाडला. म्हणजे एनोकचं कप्तानपद गेलं, आणि ज्याच्याकडे गेलं तोच आमच्या टेबलाशी बसून आमचे बटाटे खाऊ लागला.

गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'स्कॉच मास्तर' पाडलं. त्यात मान कमी आणि चेष्टा जास्त होती. खेळायचे पैसे घेणारा माणूस हे तेव्हा लोकांना विचित्रच वाटायचं. माझी शेजारीण डॉर्कस म्हणाली, "अगं केझ, पळायचा पगार? मग मी रोज सकाळी भोंग्यामागं पळते, मला का नाही देत?"

आमच्या पोरांचा खेळ म्हणजे ज्याच्या पायात चेंडू त्यानं मान खाली घालून सुटायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागं धावायचं. मास्तरनं पहिल्याच दिवशी ते थांबवलं. तो म्हणाला, "चेंडू दमत नाही. तुम्ही दमता. मग पळायचं काम त्याला द्या ना."

एनोकनं विचारलं, "आणि दुसऱ्याला देऊन टाकला, तर मी मैदानात काय करायचं? गवत उपटायचं?"

"रिकामी जागा शोधायची. चेंडू परत तुझ्याकडेच येणार आहे."

"तुमच्या गावात येत असेल. आमच्याकडे दिलेली वस्तू परत येत नाही."

सगळे हसले. मास्तर हसला नाही. तो फारसा हसायचाच नाही. रंगाच्या कारखान्यात वाढलेला माणूस, बोटांच्या पेरांत निळा रंग कायमचा मुरलेला. बोलणं तुटक, आणि तेही आम्हाला अर्धंच कळायचं.

यावरूनच एकदा जेवताना गंमत झाली. मी आणि एनोक समोरासमोर बसलो होतो. एनोकनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले, 'याच्या तोंडात गरम बटाटा आहे का?' मला फिस्सकन हसू आलं. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही विणकर मंडळी ओठांनीच बोलतो. ओठ मोठे ताणायचे, चेहऱ्यानं जोड द्यायची, मग खात्याच्या या टोकाचं माणूस त्या टोकाच्या माणसाशी निवांत गप्पा मारतं. एनोकची आई विणकरीणच, त्यामुळे त्याला ते पाळण्यापासून येत होतं. संघातली निम्मी पोरं अशीच होती.

मास्तरनं चमचा खाली ठेवला. "काय म्हणाला तो, मिसेस हॅसलम?"

"काही नाही. सूप छान झालंय म्हणाला."

"आवाज न काढता म्हणाला?"

मग सांगावंच लागलं. बटाट्याचंही सांगितलं. तो रागावला नाही. उलट टेबलावर पुढं झुकला आणि विचारू लागला, किती लांबून कळतं? पळताना कळतं? ज्याला ही बोली येत नाही त्याला काहीच कळत नाही, हे नक्की?

त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी त्याला शिकवायला बसायची. मोठा माणूस, पण शिकताना लाजायचा. मी म्हणायची, "मास्तर, ओठ उघडा नीट. तुम्ही काही चोरी करत नाही आहात." एनोक शेगडीजवळ बसून त्याच्या चुका सांगायचा. "मी तुला 'डावीकडे' म्हणालो, तू 'डुकरा' वाचलंस!" असं करत करत एनोक मास्तरशी 'अरे-तुरे'वर कधी आला ते त्यालाही कळलं नाही.

मग ते मैदानात उतरलं. समोरचा संघ एकमेकांना हाका मारून घसा कोरडा करायचा आणि आमची पोरं चिडीचूप. चेंडू मात्र या पायातून त्या पायात असा जायचा, की समोरच्यांना वाटावं यांच्यात काही जादूटोणा आहे. मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी उभ्या आम्हा बायकांना मात्र सगळं वाचता यायचं. 'मागं माणूस आहे', 'आता मला दे', 'त्या टकल्याला दम लागलाय'. डॉर्कस तर हसून हसून माझ्या अंगावर रेलायची. एकामागून एक सामने आम्ही जिंकलो. 'स्कॉच मास्तर' या नावातली चेष्टा निघून गेली. खाटीक त्याला मांसाचा चांगला तुकडा राखून ठेवू लागला. एनोक मधल्या फळीत खेळायचा, आणि मास्तर नि तो एकाच माणसाचे दोन पाय असल्यासारखे चालायचे.

मार्चमध्ये कपाच्या सामन्यात थॉर्नबँकशी गाठ पडली. थॉर्नबँक टेकडीपलीकडचं गाव, त्यांचं आमचं जुनं वैर. गिरणी बंद झाली तशी सगळी माणसं मैदानावर. चिखल घोट्यापर्यंत, चेंडू भिजून दगडासारखा जड. मध्यंतराआधीच एनोकच्या पासवर मास्तरनं गोल केला. लोकांनी टोप्या उडवल्या.

उत्तरार्धात चेंडू उंच उडून मधे पडला. एनोक एकीकडून धावला, थॉर्नबँकचा जोब ग्रीनहाल्ग दुसरीकडून. जोब कोळशाच्या खाणीतला गडी, दरवाजाएवढा रुंद. दोघांची नजर चेंडूवर. चिखलात जोबचा पाय घसरला आणि त्याचा गुडघा एनोकच्या पोटात बसला.

असं आपटणं रोजचंच. एनोक थोडा वेळ गुडघ्यावर बसला, मग उठला. जोबनं त्याला हात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळ सुरू झाला.

मी मात्र त्याच्याकडेच बघत होते. तो पळत होता, पण वाकून. तोंड राखेसारखं झालेलं. मास्तर त्याच्याजवळून गेला तेव्हा एनोकचे ओठ हलले.

'पोटात काहीतरी फाटलंय.'

मास्तरचे ओठ हलले. 'बाहेर जा.'

'नाही. संपेपर्यंत ओढतो. केझला कळू देऊ नकोस.'

मी दोरीपाशी उभी होते आणि ते सगळं मला छापल्यासारखं दिसत होतं. डॉर्कसनंही वाचलं. तिनं माझा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात चेंडू मास्तरच्या पायाशी आला. पुढं वाट मोकळी होती, गोलकीपर एकटा. सगळं मैदान ओरडलं, "मार!" आणि मास्तरनं तो चेंडू उलट्या बाजूला, दोरीच्या बाहेर, माणसांच्या डोक्यावरून भिरकावून दिला. खेळ थांबला. तो सरळ एनोककडे गेला, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला मैदानाबाहेर चालवू लागला.

त्या काळी एकाच्या जागी दुसरा घ्यायची सोय नव्हती. माणूस बाहेर गेला की गेला, उरलेल्या दहांनी निभवायचं. लोकांना क्षणभर काही समजेना. मग शिव्या सुरू झाल्या. टॅटरसॉल साहेब दोरीपाशी धावत आले.

"बेअर्ड! काय चाललंय? तो पायांवर उभा आहे! परत पाठव त्याला!"

एनोकही हात झटकत होता. "सोड मला! मास्तर, सोड! जिंकतोय आपण!"

"साहेब," मास्तर न थांबता म्हणाला, "अकरावा माणूस हवा असेल तर कोट काढा आणि या आत."

त्यानं एनोकला माझ्या हवाली केलं. मला म्हणाला, "आडवं निजवा. पाणीसुद्धा देऊ नका. डॉक्टर बोलवा." आणि परत खेळायला गेला. आम्ही फळीवर एनोकला घेऊन रस्त्याच्या वळणावर पोचलो होतो तेव्हा मागून थॉर्नबँकवाल्यांचा पहिला जल्लोष ऐकू आला. घराचं दार उघडत होतो तेव्हा दुसरा.

आम्ही हरलो.

रविवारी सकाळी आमच्या दारावर खडूनं 'विकलेला' असं लिहिलेलं होतं. गावात बोलणं एकच. पैसे घेऊन खेळणारा पैसे घेऊन हरतोसुद्धा. मोकळी वाट सोडून चेंडू बाहेर कोण मारतो? धडधाकट माणसाला ओढून कोण नेतो? दुपारी खाटीक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं, नजर चुकवून निघून गेला, आणि सोमवारी टॅटरसॉल साहेबांनी निरोप धाडला, की क्लबला आता बेअर्डची गरज नाही.

डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी एनोकचं पोट हलकेच दाबलं, ते लाकडासारखं कडक झालं होतं. मला स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी सांगितलं. आतडं फुटलंय. याला औषध नाही. चार दिवस, फार तर.

एनोक मात्र चिडला होता. मास्तर खोलीत आला की भिंतीकडे तोंड करायचा. "मला अर्ध्यावरून उचलून आणलंस," म्हणायचा. "अख्ख्या गावासमोर, दूधपित्या पोरासारखं." मास्तर बाहेर जिन्यावर जाऊन बसायचा. त्यानं दारावरचा खडू पुसला नाही. मी पुसायला गेले तर म्हणाला, "राहू द्या. आत्ता तुम्ही त्याच्याजवळ बसा."

सोमवारी संध्याकाळी एनोकच म्हणाला, "बोलाव त्याला."

मास्तर आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

"खरं सांग," एनोक म्हणाला. "खेळत राहिलो असतो तर?"

मी मास्तरकडे बघून मान हलवली, सांगू नका म्हणून. पण तो खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हता. "तिथंच पडला असतास. चिखलात. आमच्या गावी एक जण असाच गेला. तोही म्हणाला होता, संपेपर्यंत ओढतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मी म्हटलं, बरं."

एनोकनं मास्तरला जवळ यायची खूण केली. मग म्हणाला, "आणि आता? आता वाचणार आहे का मी?"

"नाही, एनोक."

मला वाटलं आता तो ओरडेल. पण तो फक्त माझ्याकडे वळला आणि माझा हात शोधू लागला. थोड्या वेळानं मास्तरला म्हणाला, "तो गोल तरी करून यायचास की रे, गाढवा. दोन मिनिटं काही मी मेलो नसतो." आणि हसायला गेला, तर कळ आली.

मास्तर पलंगाशी गुडघे टेकून बसला. त्याचे खांदे हलत होते. एनोकनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

ते दिवस मला मिळाले, ते मास्तरमुळे. हे मी आजही म्हणते. आमची एक मुलगी होती, सॅली. खोकल्यानं गेली, दोन वर्षांची होऊन. ती वरची खोली तिची. ती गेल्यापासून आम्ही दोघांनी तिचं नाव घरात घेतलं नव्हतं. मला वाटायचं एनोक विसरला. तिला पुरून आल्यावर त्याच संध्याकाळी तो मैदानावर सरावाला गेला होता, ते माझ्या मनात काट्यासारखं राहिलं होतं. मंगळवारी त्यानं स्वतःहून विषय काढला. म्हणाला, "घरात थांबलो असतो तर ती खोली फोडली असती मी, केझ. पळून पळून ओकलो तिथं. तुला कसं सांगायचं कळलं नाही." मग आम्ही तिच्याबद्दल बोलत राहिलो. ती बुटात चमचे लपवायची ते. तिला मांजराची भीती वाटायची ते. मधेच तो ग्लानीत जायचा, जागा झाला की पुढचं सांगायचा.

बुधवारी सकाळी, गिरणीचा भोंगा व्हायच्या सुमारास, तो गेला.

बातमी माझ्याआधी रस्त्यावर पोचली. त्या दिवशी आमच्या गल्लीतून जाणाऱ्या बायकांनी लाकडी तळाचे बूट काढून हातात घेतले होते, आवाज होऊ नये म्हणून. दुपारी टॅटरसॉल साहेब आले. हॅट हातात, मागं दोन कमिटीवाले, त्यांच्याकडे पांढऱ्या फुलांचं भलंमोठं चक्र.

"मिसेस हॅसलम, क्लबला अतिशय दुःख..."

"चक्र ठेवा," मी म्हटलं. "पण आधी दारावर काय लिहिलंय ते वाचा."

त्यांनी वाचलं. मान खाली घातली. "ते आमच्यापैकी कोणी..."

"कोणी लिहिलं ते मला नको. शनिवारी तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, परत पाठव म्हणून. मास्तरनं बरोबर केलं, हेही सगळ्यांसमोर सांगा. गिरणीच्या फाटकात, सुट्टीच्या वेळी. मग मी फुलं घेईन."

माझ्यासारख्या विणकरणीनं मॅनेजरशी असं बोलणं म्हणजे कामावरून जायची तयारी. तेवढी माझी होती. पण साहेब गेले आणि त्यांनी सांगितलं. डॉर्कस तिथं होती. ती म्हणाली, आवाज फार लहान होता, पण फाटकात एवढी शांतता होती की प्रत्येकाला ऐकू गेलं.

शवपेटीला खांदा द्यायला संघातले सहा जण होते, त्यात मास्तर पुढं. कबरीपाशी गर्दीच्या मागं, भिंतीला टेकून, एक रुंद माणूस टोपी चुरगाळत उभा होता. जोब ग्रीनहाल्ग. टेकडी ओलांडून चालत आला होता. कोणी त्याच्याशी बोललं नाही. मीही नाही.

क्लबनं मास्तरला परत घेतलं. त्यानं एकच अट घातली, की मी आता खेळणार नाही, फक्त शिकवीन. लोकांना वाटलं महिन्याभरात विरघळेल. नाही विरघळला. त्यानं बूट गोलकीपरला देऊन टाकले. संघाला एक नियम घालून दिला. खेळताना कुणी 'बस झालं' म्हटलं तर त्यानं बाहेर जायचं, आणि त्याला का म्हणून विचारायचं नाही. हॅरोक्लफ त्या नियमामुळे काही सामने हरलं. मास्तरनं नियम बदलला नाही.

माझ्या घरात परका पुरुष राहणं आता बरं दिसेना, म्हणून तो डॉर्कसच्या भरल्या घरात राहायला गेला. पण रविवारी जेवायला यायचा. सप्टेंबरातल्या अशाच एका रविवारी जेवण झाल्यावर तो उठेना. टेबलाच्या कडेवरून निळी बोटं फिरवत राहिला.

"मिसेस हॅसलम, एक विचारायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा तोंडातून काढणार नाही."

मला वाटलं लग्नाचं विचारतोय की काय. डॉर्कसनं तसं माझ्या कानावर घातलं होतं. पण ते नव्हतं.

"जोब ग्रीनहाल्ग," तो म्हणाला.

मी ताट उचलता उचलता थांबले.

"त्या दिवसापासून त्यानं चेंडूला पाय लावलेला नाही. खाणीतलं कामही सुटलं. सकाळी दारू, संध्याकाळी दारू. थॉर्नबँकमधली पोरं त्याला बघून कौतुकानं म्हणतात, हाच तो, ज्यानं हॅसलमला आडवा केला. त्याच्या बापानं मला गाठून सांगितलं. मला त्याला इकडे आणायचंय."

"संघाला बळकटी हवी म्हणून?"

"संघाला नकोय तो. एवढी दारू प्यायलेला माणूस वर्षभर उपयोगाचा नाही. पण हात धरायला कोणीतरी पाहिजे. माझ्या गावी त्या पोराला ज्याचा धक्का लागला होता, त्याच्याकडे कोणीच गेलं नाही. नंतर तो नदीत सापडला."

मला राग आला. खूप आला. मी म्हटलं, "एनोकच्या जागी? एनोकच्या रंगाचा शर्ट घालून, मी दोरीपाशी उभी असताना?"

"म्हणूनच विचारतोय."

मी ताटं धुतली. तो तसाच बसून होता. धुतलेली ताटं मी पुन्हा एकदा धुतली. एनोकला जोबनं उठायला हात दिला होता, ते मला दिसत होतं. ते मी विसरायचा प्रयत्न केला होता, पण दिसत होतं.

"मैदानावर आणायच्या आधी इथं आणा," मी शेवटी म्हटलं. "पुढच्या रविवारी. शुद्धीवर असताना."

आला. दाराच्या चौकटीत मावत नव्हता, तरी आधीपेक्षा निम्मा झालेला. दाढी करताना गालावर कापलं होतं. मास्तरनं त्याला एनोकच्या नाही, दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. मी भाजलेले बटाटे वाढले. त्यानं काट्यानं तुकडा तोडला, तोंडापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला. असं दोन-तीनदा झालं.

"बाई," तो म्हणाला, "पाय घसरला माझा."

"मी बघत होते. घसरला ते मला दिसलं."

त्यानं वर पाहिलं. हे वाक्य त्याला तोपर्यंत कोणीच म्हटलं नव्हतं हे त्याच्या तोंडावरून समजत होतं. त्यानं दोन्ही हातांत डोकं धरलं आणि एवढा मोठा माणूस गळा काढून रडला. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी जोबच्या पाठीवर हात ठेवला नाही. तेवढं माझ्याच्यानं झालं नसतं. मी बटाटे पुन्हा भट्टीत ठेवले, गरम व्हायला.

ऑक्टोबरात जोब आमच्या रंगात उतरला, राखीव संघात, अगदी मागच्या फळीत. चांगला खेळला असं म्हणता येणार नाही. दोरीपाशी काही लोकांनी त्याला पाठ दाखवली, आणि ते हळूहळू वळायला दोन वर्षं गेली. डॉर्कस पहिल्या दिवशी मला म्हणाली, "चल केझ, घरी जाऊ, तुला बघवणार नाही." मी म्हटलं, "तू जा. मी थांबते."

मी सामना संपेपर्यंत थांबले.